रुजू झाल्याची तारीख

मकरपुरा जीआयडीसी, शेड नंबर चारशे सतरा.
टेबलावर कौशिकभाईंनी छापून आणलेला नमुना,
मायना तयार, फक्त मोकळ्या जागा भरायच्या.
एकोणतीस कायदे गेले म्हणे, चार आले.
आमच्याकडे आली ही नेमणुकीची अकरा पत्रं,
अशा अकरा माणसांची
ज्यांना आजवर आम्ही दिलेला एकमेव छापील कागद
दिवाळीच्या मिठाईच्या खोक्याला गुंडाळलेला होता.

नाव: पारसिंग बारिया. हे सोपं.
काम: टर्नर. हेही.
मूळ वेतन: इथे पेन अडलं.
एकतीसपैकी तेरा हजार मूळ, बाकीचे अठरा
घरभाड्यात, वाहनात, गणवेशाच्या धुलाईत वाटून ठेवलेले.
ही वाटणी मी एका सेमिनारमध्ये शिकले,
जेवणासह बाराशे रुपये फी होती.
आता निम्मं तरी मूळ धरायचं. साडेपंधरा.
हालोलच्या कंपनीला मेल टाकला,
नगामागे चाळीस पैसे वाढवून द्या.
उत्तर आलं: नवीन वर्षाच्या शुभेच्छा.

पुढची ओळ, रुजू झाल्याची तारीख.

"आजची टाका," कौशिकभाई चहा बशीत ओतत म्हणाले,
"जुनं उकरायचं कशाला? हजेरीबुक बघा,
दर अकरा महिन्यांनी माणूस सुटलाय, परत लागलाय."
खरंच. अण्णांचंच अक्षर, वळणदार.
दर वर्षी एक महिना
पारसिंग बारिया नावाचं इथे कोणी नव्हतं
आणि लेथ चालू होतं.

"पारसिंगभाई, तुम्ही आलात कधी?"
चिंधीला हात पुसत म्हणाला, "ह्याच्यासोबत.
राजकोटहून टेम्पोत. उतरवायचे दोनशे ठरले होते.
उतरवलं, तर साहेब म्हणाले, थांब,
लेव्हल करून जा."

लेथची फाइल लगेच सापडली.
बिल प्लास्टिकच्या पिशवीत, वॉरंटी कार्डावर शिक्का.
चौदा सप्टेंबर दोन हजार सहा.
घसारा दर वर्षी काढलेला, काटेकोर, सहीशिक्क्यानिशी,
आता वहीत ते उरलंय नावापुरतं, एका रुपयाचं.
बिलाच्या पाठीवर पेन्सिलीनं:
उतराई २००. दिले.

मी कॅल्क्युलेटर ओढला.
साडेपंधरा हजार भागिले सव्वीस,
गुणिले पंधरा, गुणिले एकोणीस वर्षं.
एक लाख सत्तर हजार, शंभरेक कमी.
आजची तारीख टाकली तर शून्य.
खोटं कशाला बोलू,
त्या शून्याकडे मी बराच वेळ बघत बसले.
ओव्हरड्राफ्टचा हप्ता त्यात बसत होता,
नव्या कंप्रेसरचा अ‍ॅडव्हान्सही.
कौशिकभाई उठून गेले, बशी तशीच.
मग बिल समोर धरलं
आणि तारखेचा एकेक आकडा उतरवला,
परीक्षेत शेजारच्याच्या पेपरातून उतरवावा तसा,
मान खाली घालून.

दुसऱ्या दिवशी दहा जण
कागदाची घडी खिशात घालून कामाला लागले होते.
पारसिंग दारात उभा.
लेक आयटीआयला आहे त्याची, तिनं रात्री वाचून दाखवलं,
कलम चारखाली रेघ मारून दिली.
"बेन," बोट ठेवत म्हणाला, "आ छ महिना ट्रायल?"

नमुन्यातलं होतं. खोडायचं राहून गेलं होतं.
मी लाल पेन शोधायला लागले,
ड्रॉवरमध्ये, फाइलींखाली, पर्समध्ये.
"रहेवा दो," तो म्हणाला,
"काम जोईने नक्की करजो,"
आणि जाऊन त्यानं लेथ सुरू केलं.

हसला का, ते त्या आवाजात
मला काही कळलं नाही.