ओरखडे

वागळे इस्टेट, गाळा एकोणतीस.
लेथवरून उतरलेला बोल्ट
अजून कोमट.
नमुना साठ सालचा, पोलाद या मार्चचं,
कुंदा अक्रोडाचा;
तीन दिवस त्यात जवसाचं तेल जिरवतोय.

गिऱ्हाईक म्हणालं, थोडे ओरखडे हवेत,
आजोबांची वाटली पाहिजे.

माझे आजोबा जान्या वरठा, येऊरचे.
त्यांच्या हातात बंदूक नव्हती कधी,
डबा होता, हाकाऱ्याचा.
साहेबाचा बार चुकला
आणि वाघराने त्यांचा खांदा उघडला.

चार रेघा. तिसरी जराशी तिरकी.
कानस घेतली,
तशाच काढल्या.

बोल्ट मागे, पुढे, खाली.
खट्.
रिकामीच.

गिऱ्हाईक रेघांवरून बोट फिरवतं:
याचे वेगळे किती लावणार?