एक मेंढरू कमी

तेवीसची रात्र. नाशिकरोडहून शरणपूर,
एका रिक्षात आम्ही पाच.
ओबेद माझ्या मांडीवर, माकडटोपीतून नाक तेवढं बाहेर,
पप्पा ड्रायव्हरशेजारी, अर्धे थंडीत:
"हळू घे बाबा, गोठे काही पळून जात नाहीत."

पहिला गोठा द्राक्षांच्या खोक्यांचा.
बेथलेहेमच्या छपरावर
निर्यातीचा शिक्का तसाच राहिलेला.

दुसऱ्यातली मरिया पेठ रोडच्या कारखान्यातली,
साचा गौरीचाच असावा.
नथीच्या जागी रंगाचा एक थेंब,
बाकी सगळं माहेरवाशिणीचं.
नणंद बघतच राहिली, म्हणाली,
"हिला कुठंतरी भेटलेय मी."

तिसऱ्यात खरी शेळी होती,
आणि मागी लोकांनी आणलेलं सोनं
ती चकाकत्या कागदासकट चावत होती.

बाळ कुठंच नव्हतं.
गव्हाणीत नुसतं गवत;
ते उद्या रात्री, बारानंतर.

पप्पा मात्र मेंढरं मोजत होते.
प्रेसमध्ये चौतीस वर्षं मोजणीत गेली,
अंगठा अजून तर्जनीवर सरकतो.
"सात," म्हणाले.
मग रिक्षात बसता बसता, मागं वळून: "सहा."
कुणी लक्ष दिलं नाही.
आम्हाला भूक लागली होती.

घरी आल्यावर झोपलेल्या ओबेदचा स्वेटर काढताना
त्याची मूठ उघडली.
प्लॅस्टरचं मेंढरू, बोटाएवढं,
एक कान तुटलेला,
तुटका कान दुसऱ्या मुठीत.

पप्पा काही बोलले नाहीत.
रोज संध्याकाळी गेटवर
हात वर करून उभा राहिलेला माणूस,
डब्याचं झाकणसुद्धा उघडून दाखवणारा.
त्यांच्या खिशातून कधी
कागदाचा कपटा बाहेर आला नव्हता.

रात्री मी फेविकॉल शोधला.
सकाळी पहिल्या बसनं ते निघाले,
मेंढरू कोटाच्या आतल्या खिशात.

"ठेवलंत?"
"ठेवलं."
बशीत चहा ओतला, फुंकर मारली,
मग म्हणाले,
"कंडक्टर जवळ आला ना,
तर हात आपोआप वर गेले माझे."

आधी नणंद हसली, मग हे,
मग पप्पा, ठसका लागेपर्यंत.

बारानंतर पुन्हा गेलो.
बाळ आलं होतं, गर्दी होती,
ओबेद यांच्या खांद्यावर पेंगत होता.
मला आधी ते मेंढरूच दिसलं.
शेळीपासून जरा लांब,
कान मी उलटा चिकटवला होता.