खालची नळी

तीन आठवडे ट्रकखाली हिरवा डाग पडत होता,
आधी बशीएवढा,
रात्री दंव पडायला लागलं तसा परातीएवढा.
मी रेडिएटरमध्ये मिरपूड टाकून पाहिली,
अंड्याचं पांढरंही ओतलं,
पलीकडच्या खोऱ्यातल्या लोकांचा म्हणे हा हमखास उपाय.
घाट चढताना काटा लाल रेघेला टेकला
आणि कुणीतरी बोनेटखाली आम्लेट टाकल्यासारखा वास आला.

शेवटी एलॉयला फोन केला.

एलॉय माझा सासरा. म्हणजे, होता.
लुसिंडा अल्बुकर्कीला राहायला गेली त्याला चार वर्षं झाली,
सह्या झाल्या त्याला तीन.
बायको सुटली की तिच्या बापाला काय हाक मारायची
हे अजून कुणी ठरवलेलं नाही.
मी 'ऐक ना' म्हणतो.
तो काहीच म्हणत नाही. पाना मागतो.

शनिवारी आला तो स्वतःचा पाना घेऊनच.
माझा अर्ध्या इंचाचा कधीच जागेवर नसतो
हे त्याला ठाऊक आहे.
आधी कुत्र्याला बांधलं.
"गोड असतं हे पाणी," म्हणाला,
"म्हणून तर मरतात."
मग घमेलं सरकवलं, तोटी सोडली,
आणि एकोणऐंशीची फोर्ड बराच वेळ
लहान मुलासारखी मुतत राहिली.

चार बोल्ट. दोन आले,
एक तुटला,
एकानं माझ्या बोटांची सालं काढली.
जुना रेडिएटर तांब्यापितळेचा, मेंढीच्या पिल्लाएवढा जड,
अंगावर डाकांचे ठिपके:
हा युसेबियोच्या हातचा, हाही त्याचाच,
त्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
नवा ॲल्युमिनियमचा, कडा प्लास्टिकच्या,
दोनशे दहा डॉलर,
खोक्यापेक्षा हलका.

बसवला. नळ्या जुन्याच, क्लॅम्प तेच.
पाणी भरलं, किल्ली फिरवली,
काटा मध्यावर येऊन शहाण्यासारखा थांबला.
आम्ही एकमेकांकडे बघणार
एवढ्यात

टप्.

कुणी काही बोललं नाही.
एलॉयनं जुना रेडिएटर उचलला,
घोड्याच्या हौदापाशी नेला,
तोंडांना रबरी बुचं ठोकली, एक सोडून,
पाण्यात बुडवून सायकलच्या पंपानं हवा भरली.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.
एक बुडबुडा नाही.
नुसते आमचे दोन चेहरे,
आणि त्यांच्या मधे तोंड घालून
निवांत पाणी पिणारी घोडी.

मग तो, शहात्तर वर्षांचा माणूस,
पाठ टेकून ट्रकखाली गेला.
बॅटरीचा उजेड इकडून तिकडे फिरला.
खालची नळी. क्लॅम्पच्या बरोबर आत,
नखभर चीर.
पाणी तिथून निघायचं, शिवणीवरून सरकत जायचं
आणि रेडिएटरच्या कोपऱ्यावरून पडायचं.
दुखणं रेड्याला, डाग पखालीला.
नळी अठरा डॉलरची.

"मी पैज लावली असती," मी म्हणालो.
"ठिबकतं तिथं फुटलेलं नसतं," तो खालूनच म्हणाला.
ट्रकबद्दलच म्हणाला असावा.
मी पुढचा प्रश्न विचारला नाही.
त्याचे बूट तेवढे दिसत होते,
एकाची नाडी वायरची.

भंगारवाला तांब्याचे बरे पैसे देतो, मी सांगितलं.
"ठेव," तो म्हणाला. "चांगला आहे तो."
जाताना कॉफी घेतली, उभ्यानंच,
तिच्या कपात. दुसरा स्वच्छ नव्हता.

आज रविवार.
ट्रकखाली पुठ्ठा घातला होता, कोरडा आहे.
कुत्रं येऊन जुन्या डागाची जागा हुंगून गेलं.
जुना रेडिएटर कोठाराच्या भिंतीला टेकून बसलाय,
युसेबियोचे ठिपके उन्हात चमकताहेत.
आणि बंपरवर अर्ध्या इंचाचा पाना राहिलाय, एलॉयचा.

मी फोन केलेला नाही.
वस्तू विसरणाऱ्यातला माणूस नाही तो.