इमान जाव दे

कलिन्यात आमच्या घरावरून विमानं उतरायची,
इतकी खाली की पोटावरचे खिळे मोजावेत.
पपा पुढच्या खोलीत व्हायोलिन शिकवत,
आणि घरघर गावच्या क्रुसापाशी पोचली की
गज हवेतच धरायला लावत:
"थांब गो बाय, इमान जाव दे."

तिल्डा थांबायची.
सात वर्षांची, हनुवटीखाली अर्ध्या मापाचं व्हायोलिन,
गज तारेच्या बोटभर वर.
कपाटात बशा थरथरायच्या,
संत आंतोनची तसबीर रोज थोडी तिरकी व्हायची,
ती हलायची नाही.
मी हलायचो.
म्हणून मला चार महिन्यांत सुट्टी मिळाली
आणि तिला नाताळातसुद्धा नाही.

पपा स्वतः तिसऱ्या रांगेतले.
ताडदेवच्या स्टुडिओत सकाळी नऊला हजेरी,
संध्याकाळी पाकीट, मधे कुणाच्या तरी नायिकेचं रडू.
नाव एकदाच छापून आलं, तेही चुकीचं.
ते कात्रण त्यांनी पेनाने दुरुस्त करून ठेवलं.

मग ती गेली. आधी लंडन, शिष्यवृत्तीवर.
मग लाइपझिग, तिथल्या कोरड्या थंडीत
आमच्या दमट हवेत वाढलेलं लाकूड पहिल्याच हिवाळ्यात तडकलं.
हेलसिंकीत तिनं गज ठेवला आणि काठी उचलली.
पपांना फोनवर उमजेना.
"म्हंजे तू आता वाजवणार नाय?"
"वाजवते ना पपा. सत्तर जणांकडून."
"आनि त्यात तुजा आवाज कंचा?"
ती काहीतरी म्हणाली असणार.
तीन मिनिटं संपली होती.

मी तोवर सहारला, कार्गोत.
नाजूक, नाजूक, अशा चिठ्ठ्या चिकटवत.
तिनं पाठवलेलं जर्मन कात्रण
कस्टम्सच्या दिघेबाईंनी डबा खाताखाता वाचून दाखवलं:
'यांच्या विरामाला धार आहे.
अख्खा वाद्यवृंद श्वास धरून उभा राहतो
आणि कुणालाच घाई नसते.
ही शिस्त जुन्या रशियन परंपरेतली असावी.'
बाईंनी विचारलं, वडील रशियात होते का तुमचे?
म्हटलं, नाही हो. धावपट्टीच्या तोंडाशी.

टीव्हीवर दिसायची ती पाठमोरी.
मम्मा चिडायची, एवढी मोठी झाली, तोंड का नाय दाखवत?
पण विमानतळावर काचेपलीकडे
आम्ही शेवटचं पाहिलं तेही तसंच,
उजवा खांदा किंचित खाली, पेटीच्या वजनाने.
ती पाठ आम्हाला पाठ होती.

परवा आली. चव्वेचाळीस वर्षांनी
नरिमन पॉइंटला, स्वतःचा वाद्यवृंद घेऊन.
दुसऱ्या भागात तिचा हात वर गेला आणि तिथेच राहिला.
शेजारचे गृहस्थ खुर्चीत पुढे सरकले,
त्यांच्या बायकोने खोकला गिळला.
मी वर बघितलं.
छताकडे.

रात्री उशिरा घरी जेवायला.
घर म्हणजे त्याच जागेवरचा चौथा मजला,
दुहेरी काचांच्या खिडक्या, बिल्डरने दिलेल्या.
ती म्हणाली, उघड ना एक.
मी सोरपोतेल गरम केलं, ती चमचा घेऊन बसली,
म्हणाली, "पपांना मी शेवटी सांगायचं ठेवलं होतं की..."

आलं.
कुर्ल्याकडून, चाकं उघडून, दिवे लावून.
तिचा चमचा ताटाच्या बोटभर वर थांबला.
माझा हातही. सुनेचाही.
माझी नात, जिला हे कुणी शिकवलेलं नाही,
तीही पोळीचा तुकडा धरून तशीच.

विमान गेलं.
तसबीर सरळ करायला मी उठलो,
तर भिंत रिकामी.
"हां, काय सांगत होतीस?"
तिने जरा आठवून पाहिलं.
"राहू दे," म्हणाली. "भात आहे का अजून?"