मोयदूची कॉलर

फहाहीलच्या तिसऱ्या मजल्यावर, शुक्रवारी दुपारी
एसी बंद करावा लागतो मला,
नाहीतर पेस्टलची भुकटी उडते,
नाक जमायच्या आत कपाळ विस्कटतं.
मोयदूला उकाड्याचं काही नाही.
एकवीस वर्षं इस्त्रीमागे उभा आहे तो,
बसायचं कसं हेच त्याला आठवेना.
खुर्चीच्या कडेला नुसता टेकला,
पासपोर्टच्या फोटोसारखा श्वास धरून.
सोड की, म्हटलं.
मग झोपलाच.

डब्यात ‘त्वचा’ नावाची एक कांडी आहे.
ती कुणाच्याच त्वचेची नाही.
मी खाली मातकट हिरवा घातला,
वर वीट, वर गेरू,
डोळ्यांखाली जांभळा, अगदी पुसट,
वाफेनं सुजलेल्या पापण्यांना थोडा गुलाबी.
बोटानं फार घोटायचं नाही,
घोटलं की माणूस मेणाचा होतो.
करंगळी एकदाच, गालफडापासून कानाकडे,
आणि हात काढून घ्यायचा.

बाहेर धुळीचं तौझ सुटलेलं,
खिडकीच्या फटीत ओला टॉवेल.
बाहेरची धूळ फुकट.
आतलीचे मी कांडीमागे पैसे मोजते.

चारला जागा झाला, समोर येऊन उभा राहिला.
चेहरा त्यानं पाहिलाच नाही म्हणा ना.
बुबुळातला तो पांढरा ठिपका,
ज्याच्यासाठी मी जीव मुठीत धरला होता,
त्याच्यावरून नजर घसरली ती थेट गळ्यापाशी.
“मॅडम, ये कॉलर प्रेस नहीं है.”

खरंच नव्हती. उरकली होती मी ती.
मग तो सांगत गेला, मी करत गेले:
टोकाकडून आत यायचं, आतून टोकाकडे नाही,
शिवणीशी सावली, घडीवर उजेड.
आणि पांढऱ्यात काय असतं
हे त्याला माझ्याआधीपासून ठाऊक:
“नील डालो थोड़ा.”

परवा त्याचं विमान होतं, परत न येण्याचं.
टिकेल का, विचारलं त्यानं.
हात लागला नाही तर.
फिक्सेटिव्ह मी मारत नाही, रंग काळवंडतात.
हे ऐकून तो खाली गेला,
हँगर आणि शर्टावरचं पातळ प्लास्टिक घेऊन आला.
मध्ये मी बटरपेपर घातला. दोन चिमटे.
आणि स्वतःला हातभर लांब धरून,
जिन्याच्या भिंतीला लागू न देता,
उतरून गेला
गिऱ्हाइकाचा कपडा पोचवायला निघाल्यासारखा.

रविवारी हजेरीच्या यंत्रानं
माझा अंगठा तीनदा नाकारला.
रेषांत गेरू बसला होता.
चौथ्यांदा मी डावा लावला.