देठाकडचं टोक

लीड्सच्या प्रयोगशाळेत मी दिवसभर
विषाची परीक्षा घेते.
म्हणीतली नव्हे, पगारी.
स्पेनची मिरची, केनियाच्या शेंगा,
केंटची सफरचंदं सालासकट मिक्सरमध्ये,
मग पडद्यावर डोंगररांगेसारखी एक रेघ.
एक अब्जात तीन. एक अब्जात सात.
मर्यादेच्या आत. सही, तारीख,
पुढचा नमुना.

संध्याकाळी वेकफील्डला उतरले
तर फाटकाशी ओल्डरॉइडबाई,
वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन झुकिनी घेऊन.
"थेंबभर स्प्रे नाही मारलेला. बीसुद्धा घरचं."
मी मनात स्प्रेचं औषध करून घेतलं.
आपण डब्यात असेपर्यंत त्याला औषधच म्हणतो,
पोटात गेलं की विष.

ओट्याशी हात आपोआप चालला:
देठाकडचं टोक उडवलं, जिभेला लावलं,
दुधीला लावतात तसं, काकडीला लावतात तसं.
कुणी शिकवलं आठवत नाही.

कडू.
कारल्याचा घरोब्यातला कडू नव्हे.
तीनदा चूळ भरली तरी
जिभेच्या मुळाशी बसून राहिलेला.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या कुंपणावर
शोभेचे पट्टेरी भोपळे होते.
या फुलावरून त्या फुलावर कोण गेलं,
मधमाशीला कोण विचारतं?
वेलाला पळता येत नाही, चावता येत नाही,
तो आतल्या आत काहीतरी शिजवून ठेवतो.
बटाटाही उजेडात हिरवा होतो.
इथल्या अंधाऱ्या शेडांत मेणबत्तीवर वाढवतात
तो रूबार्ब,
देठ गुलाबी, आंबट, मुरंब्याचा,
पान खाल तर पस्तावाल.
रेणूला आडनाव नसतं.
कारखान्यातला की बांधावरचा,
यकृत विचारत नाही.

हे सगळं मला त्यांना सांगता आलं असतं.
पण हॅरॉल्ड.
बावीस वर्षं काचघरात पाठीवर टाकी.
शेवटी शर्टाचं बटण लागेना.
त्यामुळेच, असं डॉक्टर म्हणाले नाहीत.
त्यामुळे नाही, असंही म्हणाले नाहीत.
माझी एक अब्जात तीन
ताटासमोर बसणाऱ्यांसाठी आहे.
तो नळीच्या या टोकाला होता.

रात्री नऊला गेले. बशीत एक चकती.
"चाखा. गिळू नका."
त्या बेसिनमध्ये थुंकल्या,
बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या.
मग फडताळातली बियांची बरणी काढली,
झाकणावर त्यांच्याच अक्षरात: शुद्ध.
खताच्या ढिगात नाही,
कचऱ्याच्या पिशवीत ओतली, गाठ मारली.
मी काहीच बोलले नाही.
यंत्र असतं तर रेघ तरी काढली असती.

टोपलीत एक काकडी उरली होती.
बाईंनी सुरी घेतली, चष्मा वर केला.
"कुठलं टोक म्हणालीस?"