तुरळक ठिकाणी

पहाटे साडेपाचला हरणीच्या वेधशाळेत
मी ओल्या फडक्याचा तापमापक वाचते.
कालपेक्षा तीन अंश वर.
म्हणजे रात्री समुद्र येऊन गेला बडोद्यात,
कुणालाही न उठवता.
दाब उतरतोय, म्हातारा माणूस जिना उतरतो तसा,
मधेमधे कठड्याला धरून.

लक्षद्वीपच्या अंगाला एक भोवरा धरू पाहतोय.
नकाशावर अजून अंगठ्याच्या ठशाएवढा.
यंत्रांनी त्याला सात वाटा काढून दिल्यात:
चार ओमानला जातात,
दोन वेरावळला,
आणि एक निघते, थोडी भटकते,
समुद्रातच विरते.
मला का कोण जाणे तीच खरी वाटते. पण वाटण्याला रकाना नाही.

मला दिलेले शब्द मोजके आहेत.
तुरळक ठिकाणी. काही ठिकाणी. बऱ्याच ठिकाणी.
आणि शेवटी सगळ्यावर भुरभुरायला
चिमूटभर शक्यता.

नऊपासून फोन सुरू.
रावपुऱ्यातून मंडपवाले जेठाभाई:
"सबनीसबेन, सीधु बोलो ने, पडशे के नई?
नवलखीवर शुक्रवारी बाराशे पान आहे."
मी म्हणते, शक्यता आहे.
ते म्हणतात, शक्यतेला ताडपत्री किती लागते?

मग केसरची वखार, मग क्रिकेटची शिबिरं,
मग कुणीतरी नुसतंच ऐकून ठेवून देतं.
दुपारी डबा आणायला घरी जाते तर
वरच्या मजल्यावरच्या विद्युल्लता गुप्ते
(नावात त्यांचा दोष नाही)
जिन्यातच परात धरून उभ्या:
"सांडगे घालू ना गच्चीवर? तुम्हाला आतलं माहीत असेल."
आतलं!
आत एक पंखा आहे, दोन पडदे,
आणि मी.

विश्वामित्रीच्या गाळात मगर जबडा उघडून पडली आहे.
तिला कुणी विचारत नाही.

गेल्या मे महिन्यात, अठरा तारखेला,
मी लिहिलं होतं: तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह.
बरोबर निघालं.
पाद्र्याच्या अलीकडे, भेंडीच्या शेतात,
लिंबाखाली उभा होता वजेसिंग पढियार,
डोक्यावर खताची रिकामी गोणी.
मला पेपरातून कळलं, दुसऱ्या दिवशी.
तोवर पडताळणीच्या वहीत
मी बरोबरची खूण करून ठेवली होती.
निळी शाई. ठळक आहे अजून.

तेव्हापासून तो शब्द लिहिताना
पेन जरा अडतं.
नकाशावर असतं ते तुरळक.
तिथे उभ्या असलेल्याला
तेवढंच एक ठिकाण असतं.

चार वाजता पावागडाच्या मागे
ढगांनी ऐरण मांडली.
वर सपाट, पांढरी, खाली काजळी धरलेली.
वारा एकदम पडला.
धावपट्टीवरच्या टिटव्या गप्प झाल्या, टिटव्या!

मी पत्रक लिहायला घेतलं.
नमुन्यात सूचना सगळ्यात खाली असते, बारीक अक्षरात.
मी ती उचलून वर आणली,
तारखेच्याही आधी:
झाडाखाली उभे राहू नका.
मग बाकीचं. वारा, दाब, भोवरा, त्याच्या सात वाटा.
अहमदाबादहून फोन आला: मॅडम, क्रम चुकलाय.
मी म्हटलं, हो, पाहते.
आणि पाहत बसले, खिडकीतून.

रात्री पडला.
फतेगंजात वीस मिनिटं, टपोरा, गारांसकट;
दांडिया बाजारात रस्ता कोरडा खडखडीत,
नुसता मातीचा वास, तोही उसना.
गुप्तेबाई परात कडेवर घेऊन गच्चीवरून उतरत होत्या.
"नाहीच आला हो तुमचा पाऊस."
आला, म्हटलं. तिकडे.
"मग उद्या?"

आकाशात दूरवर, आवाजाशिवाय,
कुणीतरी दिवा लावत होतं, विझवत होतं.
मी मोजायला लागले, सवयीने:
एक, दोन, तीन,
बावीसपर्यंत गेले,
गडगडाट काही पोचला नाही.

सांडगे उद्या घाला, म्हटलं,
पण घरी असाल तरच.